यंत्र अडविले कोणी?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. देशभरातील सुमारे साडेसत्त्याण्णव हजार मनोरे त्या दिवशी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सोहळा थाटाचा झाला आणि तसा तो होणे गैरही नव्हते. कारण दूरसंचाराची अशी यंत्रणा स्वतःच्या बळावर उभारणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. परंतु या तारखेच्या शेजारी आणखी दोन तारखा मांडल्याशिवाय तिचा खरा अर्थ उलगडत नाही. पहिली तारीख १८ फेब्रुवारी २०१९. त्या दिवसापासून तीन दिवस याच कंपनीचे कर्मचारी आणि अधिकारी देशभर संपावर होते, आणि कंपनीला फोर-जीच्या तरंगलहरी द्या ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. दुसरी तारीख ३१ जानेवारी २०२०. त्या एका दिवशी याच कंपनीतील ७८,५६९ माणसे स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेली.

ज्यांनी यंत्र मागितले ते आधी गेले आणि यंत्र त्यानंतर पाच वर्षे आठ महिन्यांनी आले. एका प्रचंड सार्वजनिक कंपनीच्या आधुनिकीकरणाचा हा क्रम ज्यांच्या ध्यानात येईल, त्यांना गेल्या चाळीस वर्षांत कामगार चळवळीवर केल्या गेलेल्या एका आरोपाचा फेरविचार करावाच लागेल. कामगार यंत्राचा वैरी आहे, त्याला काम नको, बदल नको, फक्त पगार हवा. म्हणून सार्वजनिक उद्योग मागे पडले, असा हा आरोप आहे. तो वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून झाला, उद्योगपतींच्या मेळाव्यांतून झाला आणि आता तो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात सिद्धांतासारखा मुरला आहे. ज्या निवृत्त कारकुनाचे सारे आयुष्य युनियनने मिळवून दिलेल्या वेतनश्रेणीवर गेले, तोही आज आपल्या मुलाला हेच सांगताना आढळतो.

या आरोपात सत्याचा काहीच अंश नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकोणीसशे साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला होता. यंत्राची ही भीती एवढी व्यापक होती की केंद्र सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९७२ साली आला. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातही संगणकविरोधी मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. त्या घोषणांतील काही आज वाचताना अवघडल्यासारखे होते. संगणक ही केवळ माणसाची जागा घेणारी वस्तू नसून माहितीची मालकी बदलणारी शक्ती आहे, हे त्या वेळी फार थोड्यांना उमगले होते. जे थोपविणे अशक्य होते ते थोपविण्यात चळवळीची बरीच शक्ती खर्च झाली.

तथापि, कथेचा हा एवढाच भाग सांगून जे थांबतात ते पुढचा भाग जाणूनबुजून गाळतात. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. यंत्रे येतील, पण ठरलेल्या मर्यादेत येतील. त्यामुळे कोणाला कामावरून काढले जाणार नाही. यंत्रावर काम करणाऱ्यास विशेष भत्ता मिळेल. असे त्याचे स्वरूप होते. याच स्वरूपाचे करार पुढे १९८७ आणि १९९३ सालीही झाले. म्हणजे पहारा देणाऱ्या कामगाराने दहा-पंधरा वर्षांत वाटाघाटीच्या मेजावर येऊन यंत्र स्वीकारले होते. त्याने अट घातली ती एवढीच, की यंत्र केव्हा, किती आणि कोणत्या शर्तीवर येणार हे ठरविताना त्याला विचारले जावे.

हीच अट कायद्यानेही मान्य केली होती. औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमाप्रमाणे, ज्या तांत्रिक सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे तिची एकवीस दिवस आधी नोटीस देणे मालकावर बंधनकारक होते. हे कलम फार मोठे संरक्षण देत होते असे नव्हे. परंतु कारखान्यातील यंत्र ही केवळ मालकाची खाजगी बाब नाही, त्यात कामगाराचाही काही अधिकार गुंतलेला आहे, एवढे तत्त्व त्यात होते. महात्मा गांधींपासून डॉ. लोहियांपर्यंत भारतीय समाजवादी विचाराला यंत्राचा जो प्रश्न पडला तोही मुळात हाच होता. १९५२ साली पचमढी येथे लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला तो यंत्राच्या द्वेषातून नव्हे. यंत्राचा ताबा मूठभरांच्या हाती जाऊ नये ही त्यामागची तळमळ होती. यंत्र हवे की नको हा वाद केव्हाच संपला आहे. यंत्र कोणाच्या निर्णयाने येते, त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा वाद मात्र आजही तसाच आहे. दूरसंचाराइतके त्याचे बोलके उदाहरण दुसरे नाही.

दूरसंचाराच्या बाबतीत तर यंत्राला विरोधाचा आरोप मुळातच टिकत नाही. ज्यांनी ट्रंक कॉल नोंदवून तासन्तास वाट पाहिली आहे त्या पिढीला हे सांगावयास नको की, या खात्यात जेवढी तांत्रिक स्थित्यंतरे झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या सरकारी खात्यात झाली असतील. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. त्या सेवेच्या प्रत्येक विस्ताराबरोबर ऑपरेटरचे काम घटत गेले. १९८४ साली सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली. तिने धुळीत आणि उकाड्यात, वातानुकूलनाशिवाय चालणारे लहान ग्रामीण एक्स्चेंज तयार केले आणि १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते सुरू झाले. पुढील दहा वर्षांत यांत्रिक एक्स्चेंजे मोडीत निघाली, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे आली आणि गावोगाव एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या.

हे सारे घडत असताना लाखो कामगार खात्यात होते. ऑपरेटर कारकून झाले, यांत्रिक एक्स्चेंजवरचे तंत्रज्ञ नव्या एक्स्चेंजवर शिकून तयार झाले, खांबावर चढणारा लाइनमन केबल जोडावयास शिकला. उलट याच काळात, १९८७ साली, डाक-तार खात्यातील रोजंदारी मजुरांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि वर्षानुवर्षे खड्डे खणणाऱ्या माणसांना नोकरीत कायम होण्याची वाट मोकळी झाली. माणसे न हाकलता यंत्र बदलता येते, याचा हा भारतातलाच पुरावा आहे. तो कोणा परदेशातून आणावा लागत नाही.

मग हीच कंपनी मागे पडली ती कशाने? त्याचे उत्तर कामगारांच्या हजेरीपटात सापडणार नाही. ते दिल्लीतील निर्णयांच्या तारखांत सापडेल.

खाजगी कंपन्यांची भ्रमणध्वनी सेवा देशात १९९५ साली सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्राला ती सुरू करण्यास किती काळ लागला? महानगर टेलिफोन निगमची सेवा दिल्ली आणि मुंबईत २००१ साली, आणि भारत संचार निगमची उर्वरित देशात २००२ च्या ऑक्टोबरमध्ये. ज्या खात्याकडे देशभरची केबल होती, इमारती होत्या, अभियंते होते, त्यालाच नव्या तंत्रापासून सात वर्षे दूर ठेवण्यात आले. एवढ्या उशिराने उतरूनही या कंपनीच्या आगमनाबरोबर दर झपाट्याने खाली आले आणि २००४-०५ साली तिचा निव्वळ नफा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्या वर्षी तिच्याकडे जो कामगार होता तोच, वयाने थोडा वाढलेला, २०१९ सालीही होता. २००४ साली जो कार्यक्षम होता तो पंधरा वर्षांत आळशी झाला असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. परंतु मधल्या काळात काय घडले ते आधी पाहिले पाहिजे.

२००६ साली कंपनीने साडेचार कोटींहून अधिक नव्या जोडण्यांच्या सामग्रीसाठी निविदा काढली. ती आधी न्यायालयात अडकली आणि २००७ साली मंत्रालयाच्या हस्तक्षेपानंतर खरेदी निम्म्यावर आणण्यात आली. २००८ साली सव्वानऊ कोटींवर जोडण्यांची निविदा निघाली. ती २०१० साली रद्द झाली. भ्रमणध्वनीच्या ग्राहकांची संख्या देशात सर्वांत वेगाने वाढत होती ती नेमकी याच चार वर्षांत. खाजगी कंपन्या महिन्याला लाखोंनी ग्राहक जोडीत होत्या आणि सार्वजनिक कंपनीच्या कचेरीत गर्दी करणाऱ्या ग्राहकाला जोडणी देण्याइतकी यंत्रसामग्रीच नव्हती. २००९-१० साली कंपनीने पहिला तोटा दाखविला. ही काय लाइनमनची करामत होती?

त्याच सुमारास थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. भारत संचार लिलावात उतरली नव्हती. कोणत्या लहरी घ्यावयाच्या हे सरकारने ठरविले, आणि किंमत मात्र खाजगी कंपन्यांनी आपापसांत चढविलेल्या बोलीइतकी वसूल केली. त्यापायी कंपनीच्या तिजोरीतून सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये गेले. यंत्रसामग्री घेण्यासाठी साठविलेली गंगाजळी अशा रीतीने सरकारी खजिन्यात जमा झाली. महानगर टेलिफोन निगमवर दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांसाठी सुमारे अकरा हजार कोटींचा बोजा पडला आणि त्यासाठी तिला कर्ज काढावे लागले. मुंबईकरांची ही जुनी कंपनी त्या ओझ्याखालून पुन्हा उठलीच नाही. २०२४-२५ मध्ये तिचे बँकांचे हप्तेही थकले आणि अखेर तिचा कारभार भारत संचारच्या हाती सोपविण्याची पाळी आली.

यानंतर फोर-जी आले. कलकत्त्यात एका खाजगी कंपनीने ते २०१२ साली सुरू केले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ मैदानात उतरली, तीच मुळी फोर-जी घेऊन. दर कोसळले आणि जुन्या तंत्रावर उभ्या असलेल्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. अशा वेळी सार्वजनिक कंपनीला नवे तंत्र देणे हे मालक या नात्याने सरकारचे पहिले कर्तव्य होते. प्रस्ताव दप्तरांतून फिरत राहिला. केरळातील इडुक्की जिल्ह्यात २०१८ साली हाताशी होत्या त्याच लहरींवर फोर-जी सुरू करून कंपनीने आपली कुवत दाखवून दिली होती. तरीही मंजुरी आली नाही.

याच टप्प्यावर कामगारांनी जे केले त्याची नोंद प्रत्येक पक्षकार्यकर्त्याने आपल्या वहीत करून ठेवली पाहिजे. कर्मचारी आणि अधिकारी यांच्या संघटना एकत्र आल्या. ३ डिसेंबर २०१८ पासून बेमुदत संपाची नोटीस त्यांनी दिली. मंत्र्यांशी बोलणी झाल्यावर संप पुढे ढकलला. बोलण्यांतून काही निष्पन्न होईना तेव्हा १८ फेब्रुवारी २०१९ पासून तीन दिवस संप झाला. वेतनसुधारणेची मागणी त्यात होती, निवृत्तिवेतनाची होती, आणि कंपनीला फोर-जी लहरी द्याव्यात ही मागणीही ठळकपणे होती. आमच्या कंपनीला नवे यंत्र द्या म्हणून तीन दिवसांचा पगार गमावणारा कामगार यंत्राचा वैरी कसा ठरतो, याचे उत्तर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी एकदा द्यावे.

त्याला मिळालेले उत्तर मात्र वेगळे होते. त्या फेब्रुवारीचा पगार कंपनीच्या इतिहासात प्रथमच वेळेवर झाला नाही. पुढे वर्षभर पगार लांबतच राहिले. कंत्राटी कामगारांची मजुरी तर महिनोन् महिने थकली. ज्या घरात दोन महिने पगार आलेला नाही त्या घराच्या दारात नोव्हेंबरमध्ये स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. पन्नाशी गाठलेल्या प्रत्येकाने महिनाभरात निर्णय घ्यावयाचा होता. दीड लाखाच्या आसपास मनुष्यबळ असलेल्या कंपनीतून निम्म्याहून अधिक माणसे एका दिवसात गेली. महानगर टेलिफोन निगममधून त्याच दिवशी चौदा हजारांहून अधिक गेली आणि मागे उरली ती चार हजारांच्या घरात. या निर्णयाला ‘स्वेच्छा’ म्हणणे हा भाषेवरचा अत्याचार आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यात सोय मोठी होती. स्वेच्छानिवृत्ती ही कामगारकपात नव्हे अशी कायद्याची व्याख्या आहे. त्यामुळे कपातीची परवानगी नको, बदलाची नोटीस नको आणि वाटाघाटीही नकोत.

सरकारचा युक्तिवाद असा होता की, कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पगारावर जातो, खाजगी कंपन्यांत हे प्रमाण जेमतेम तीन ते सहा टक्के असते. तेव्हा माणसे कमी केल्यावाचून गत्यंतर नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही कळेल की अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो. पगाराचे उत्पन्नाशी प्रमाण वाढले ते पगार बेसुमार वाढले म्हणून नव्हे, तर उत्पन्न घटले म्हणून. आणि उत्पन्न घटले ते बाजारात ज्या वस्तूला मागणी होती ती विकण्याची मुभा कंपनीला नव्हती म्हणून. एखाद्या शेतकऱ्याचे पाणी तोडावे, पीक वाळल्यावर मजुरीचे उत्पन्नाशी प्रमाण फार झाले असा हिशेब मांडावा आणि मजुरांना हाकलून द्यावे, तसाच हा न्याय आहे.

खाजगी कंपन्यांच्या त्या तीन ते सहा टक्क्यांचेही रहस्य उघड आहे. जाळे उभारणे, मनोरे सांभाळणे, संगणकाचे काम पाहणे, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणे ही कामे या कंपन्यांनी फार पूर्वीच दुसऱ्या कंपन्यांवर सोपविलेली आहेत. त्या कामांवर राबणाऱ्या माणसाचा पगार ‘पगार’ या सदरात दिसत नाही. तो ‘सेवाखर्च’ या सदरात जातो. माणूस तोच, काम तेच. खातेवहीतील सदर बदलले की तो अदृश्य होतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याची रजा आणि त्याची युनियनही अदृश्य होते. शिवाय डोंगरातल्या पन्नास घरांच्या वाडीला दूरध्वनी देण्याची जबाबदारी या कंपन्यांवर नव्हती. ग्रामीण सेवेतील तूट भरून काढण्यासाठी सार्वजनिक कंपनीला मिळणारा आकारही २००८ सालापर्यंत संपुष्टात आणण्यात आला होता. ओझे एकाच्या पाठीवर ठेवावयाचे आणि धावण्याची शर्यत दोघांची लावावयाची, अशी ही स्पर्धा होती.

बरे, माणसे गेली. मग यंत्र तरी तातडीने यावे! २३ ऑक्टोबर २०१९ रोजी मंत्रिमंडळाने जी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली तीत स्वेच्छानिवृत्ती होती तशा फोर-जीच्या लहरीही होत्या. योजनेचा पहिला भाग तीन महिन्यांत पार पडला. दुसऱ्या भागाचे काय झाले? मार्च २०२० मध्ये निविदा निघाली आणि जुलैमध्ये रद्द झाली. यापुढे भारत संचारने केवळ स्वदेशी सामग्रीच वापरावी असे ठरले. त्या वेळी ती सामग्री तयार नव्हती. ती तयार करून, तपासून, जाळ्यात बसवावयाची होती. २०२२ च्या जुलैमध्ये १ लाख ६४ हजार कोटींची दुसरी योजना जाहीर झाली, २०२३ च्या जूनमध्ये ८९ हजार कोटींची तिसरी. २०२३ च्या मे महिन्यात टाटा कन्सल्टन्सीच्या नेतृत्वाखालील समूहाला पंधरा हजार कोटींहून अधिक रकमेचे काम मिळाले. आणि खाजगी कंपन्यांची फाइव्ह-जी सेवा सुरू होऊन जवळजवळ तीन वर्षे लोटल्यावर झारसुगुडाचा सोहळा झाला.

स्वदेशीच्या प्रश्नावर समाजवाद्यांनी कोणाकडून धडे घ्यावेत अशी स्थिती नाही. सी-डॉटच्या अभियंत्यांनी, तेजस आणि टाटांच्या तंत्रज्ञांनी हे जाळे उभे केले ही खरोखरच अभिमानाची गोष्ट आहे, आणि सरकारी द्वेषापोटी तिला नाके मुरडणे हा करंटेपणा ठरेल. परंतु स्वदेशी हे जर राष्ट्रीय व्रत असेल तर ते एकट्या सार्वजनिक कंपनीनेच का पाळावे? ज्या वर्षांत तिला स्वदेशी यंत्रणेची वाट पाहत बसविले त्याच वर्षांत खाजगी कंपन्या स्वीडन, फिनलंड आणि कोरियातील कारखान्यांची सामग्री आणून फाइव्ह-जी उभारीत होत्या. उपवास एकाने करावयाचा आणि दुसऱ्याने त्याच्या समोर बसून जेवावयाचे, असे हे व्रत झाले.

मालक म्हणून सरकारला हात सैल सोडता येत नव्हता असेही नाही. खाजगी कंपन्यांना सरकारी देण्यांच्या बाबतीत २०२१ साली चार वर्षांची सवड देण्यात आली. व्होडाफोन आयडिया ही खाजगी कंपनी देणी देऊ शकेना तेव्हा २०२३ साली १६ हजार कोटींहून अधिक, आणि २०२५ साली सुमारे ३७ हजार कोटी रुपयांच्या सरकारी येण्याचे भागांत रूपांतर करून सरकार तिचे सर्वांत मोठे भागधारक बनले. कंपनी बुडू नये हा हेतू वाईट नाही. मात्र त्यासाठी निम्मी माणसे घरी पाठवा, अशी अट सरकारने घातल्याचे ऐकिवात नाही.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. लोकांना सार्वजनिक दूरध्वनी सेवेचा आलेला अनुभव सुखाचा नव्हता. महिनाभर मुका पडलेला फोन, तक्रारीला मिळणारे उडवाउडवीचे उत्तर, दिवाळीला दाराशी येणारा आणि बक्षिसीसाठी रेंगाळणारा हात, या आठवणी खोट्या नाहीत. युनियनांनी वेतनश्रेणीसाठी जेवढा लढा दिला तेवढा ग्राहकाच्या तक्रारीसाठी दिला नाही. त्यामुळे २०२० साली निम्मी कंपनी रिकामी झाली तेव्हा रस्त्यावर उतरून हळहळणारा नागरिक दिसला नाही. कामगाराच्या लढ्याला ग्राहक पाठ फिरवितो तेव्हा सत्ताधाऱ्यांचे काम सोपे होते. चळवळीने हा धडा मनापासून घेतला नाही तर पुढचा उद्योगही असाच जाईल.

आज या कंपनीत काय चालले आहे? मनोरे आले, पण ते सांभाळणारा अनुभवी हात बव्हंशी गेला. केबल जोडण्याचे, तार ओढण्याचे, घरी जाऊन जोडणी देण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले आहे. तेथे राबणारा तरुण पूर्वीच्या लाइनमनचेच काम करतो, परंतु त्याला ना कायम नोकरी, ना निवृत्तिवेतन. कंपनीच्या शहरांतील जमिनी आणि इमारती विकून पैसा उभारण्याची भाषा बोलली जात आहे. एक्स्चेंज लहान झाले हे खरे. पण म्हणून गावाच्या मध्यभागी लोकांच्या पैशाने घेतलेली जागा बिल्डरच्या घशात जावी असा त्याचा अर्थ होत नाही.

ही कंपनी टिकणे लोकांच्या हिताचे का आहे, हे २०२४ च्या जुलैने दाखवून दिले. तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच सुमारास दर वाढविले. भारत संचारने ते वाढविले नाहीत, आणि जुन्या तंत्राची, रडतखडत चालणारी तिची सेवा ठाऊक असूनही त्या एका महिन्यात जवळजवळ २९ लाख ग्राहक तिच्याकडे वळले. बाजारात एक सार्वजनिक कंपनी उभी असणे म्हणजे काय, हे त्या लाखो लोकांनी कोणतेही पुस्तक न वाचता ओळखले. फोर-जीपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांत सेवा पोहोचविण्याचे काम सरकारने २०२२ साली दिले तेही याच कंपनीला. नफा नसेल तेथे सार्वजनिक क्षेत्र आणि नफा असेल तेथे खाजगी क्षेत्र, ही वाटणी सरकारच्या मनात किती पक्की आहे, हे त्यावरून दिसते.

दूरसंचारात जे झाले ते आता इतरत्र होऊ घातले आहे. बँकांत, विमा कंपन्यांत, वीजमंडळांत नवी संगणकीय यंत्रणा येत आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेऊन माणसे कमी करण्याची तयारी सुरू आहे. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. तांत्रिक बदलाच्या नोटिशीची तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेत नावापुरती राहिली आहे. परंतु कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेण्यात आली. ज्या कारखान्यात अडीचशे माणसे आहेत तेथील मालकाला नवे यंत्र बसवून माणसे काढण्यास आता विचारणारा कोणी नाही.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्रत्येक मोठ्या उद्योगात नवी यंत्रणा येण्यापूर्वी तिचा आराखडा कामगारांपुढे मांडला जावा, आणि जुन्या कामगाराला नव्या यंत्रावर शिकविण्याची जबाबदारी मालकाने घ्यावी, असे लेखी करार १९८३ च्या धर्तीवर झाले पाहिजेत. पगार थकवून घडवून आणलेली निवृत्ती ही कपातच समजली जावी, अशी कायद्यात दुरुस्ती हवी. भारत संचारच्या कंत्राटी कामगारांना समान कामाचे समान वेतन आणि नोकरीची शाश्वती मिळाली पाहिजे, रिकाम्या झालेल्या जागांवर नवी भरती झाली पाहिजे, आणि फाइव्ह-जीच्या बाबतीत फोर-जीचा तोच खेळ पुन्हा होता कामा नये. कंपनीच्या जमिनींचा एकही तुकडा गुपचूप विकला जाऊ नये. आणि तालुक्या-तालुक्यात ग्राहक व कामगार यांच्या संयुक्त समित्या उभ्या राहिल्या पाहिजेत. कारण ज्या दिवशी ग्राहक कामगाराच्या बाजूने एक्स्चेंजच्या दाराशी उभा राहील त्या दिवशी दिल्लीतील दप्तरे आपोआप हलू लागतील.

यापुढे चौकात, सभेत किंवा रेल्वेच्या डब्यात कोणी म्हणेल की कामगारांनी यंत्र अडविले म्हणून सार्वजनिक उद्योग बुडाले, तर त्याच्याशी सिद्धांताचा वाद घालू नये. त्याला १८ फेब्रुवारी २०१९ ही तारीख सांगावी, आणि त्या दिवशी संपावर कोण होते व कशासाठी होते, एवढेच विचारावे.